जमातीची बंदूक

आखातातल्या मत्रहच्या बाजारात आमच्या रत्नागिरीकडच्या गावची बरीच माणसं कामाला होती. दर रमजानला आम्ही वर्गणी काढून गावच्या जमातीला, म्हणजे मशिदीच्या पंचमंडळाला, पाठवायचो. त्या वर्षी गावासाठी अँब्युलन्स घ्यायची होती. पण देणग्या अतिरेक्यांच्या हाती जाऊ नयेत म्हणून नवे कायदे आले होते, आणि पैसे पाठवायच्या काउंटरवर भलामोठा इंग्रजी फॉर्म भरावा लागे. वर्गणी सांभाळणाऱ्या चाचांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्यांनी मला सोबत नेलं.

एका प्रश्नावर मी अडलो. पैसे घेणाऱ्या संस्थेकडे शस्त्रं आहेत का?

"आहे की," चाचा म्हणाले. "माकडं हाकायची ठासणीची बंदूक. जमातीच्याच खोलीत असते."

"चाचा, ते तसं विचारत नाहीत."

"मग कसं विचारतायत?"

मी तो प्रश्न पुन्हा वाचू लागलो.

"रोजा आहे माझा. खोटं लिहू नकोस."

मी लिहिलं, होय, एक. काउंटरवरच्या माणसाने एकदा फॉर्मकडे, एकदा चाचांच्या दाढीकडे पाहिलं आणि फॉर्म परत सरकवला. कारण सांगितलं नाही. ह्या सगळ्यात नेमकं कुणाला अडवलं, हे मला आजही कळलेलं नाही.

पुढच्या रमजानला तोच फॉर्म, तोच प्रश्न. चाचांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"तू लिही," ते म्हणाले. "मला दिसत नाही."

मी 'नाही' लिहिलं. रोजा माझाही होता.