जाऊबाईंच्या पट्टीतलं गाणं

आमच्या ह्यांच्याबद्दल कोणी विचारलं तर मी सांगते, हॉटेलच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करतात आणि घरी येऊन माझं डोकं उठवतात. चादरींचं काम लग्नाआधीपासूनचं. डोकं उठवायचं सुरू झालं ते त्या सॅक्सोफोनपायी.

सॅक्सोफोन माझ्या थोरल्या दिरांचा. भावजी त्याच हॉटेलच्या बँडमध्ये वाजवायचे आणि जाऊबाई गायच्या. एक जुनं, संथ पॉप गाणं होतं, ताटातुटीचं. ते झाल्याशिवाय लोक जागचे हलायचे नाहीत. भावजी गेले आणि जाऊबाईंनी गाणंच टाकलं. भाजी निवडताना गुणगुणणंसुद्धा बंद. राहतात आमच्याकडेच. कामाला वाघ, पण तोंडाला कुलूप. कोणी फार आग्रह केला तर म्हणायच्या, "घसा गेला माझा." आणि एक दिवस शांतपणे म्हणाल्या, "ते वाद्य विकून टाका. पलंगाखाली उगाच जागा अडते."

हे ऐकून ह्यांचं जेवण तसंच राहिलं. ह्यांची आई लहानपणीच गेलेली. वहिनी घरात आली आणि तिनेच ह्यांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत धाडलं, कान पिळले. तिचा आवाज ऐकत हे मोठे झाले. मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाले, "ते गाणं वाजलं ना, की वहिनी गप्प बसूच शकत नाही. मी शिकतो."

"पन्नाशी उलटली तुमची," मी म्हटलं. "शिट्टी तरी धड वाजते का?"

पण ऐकतील तर शपथ. गिऱ्हाईक बघतो असं जाऊबाईंना सांगून वाद्य घराबाहेर काढलं. वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याने फुंकायचं कसं आणि कुठल्या सुराला बोटं कुठे, हे शिकवलं. गाणं मात्र मूळ रेकॉर्ड ऐकून ऐकून ह्यांनी स्वतःच बसवायला घेतलं. पाळी संपली की चादरींच्या कोठीत जाऊन बसायचे. तिथे छतापर्यंत धुतलेल्या चादरींच्या थप्प्या, त्यात आवाज जिरतो. मी एकदा डबा द्यायला गेले होते. म्हैस अडली असावी तसा आवाज येत होता, आणि हे घामाघूम, डोळे मिटलेले. दिवसभर वाफेच्या मशीनपुढे उभं राहून बोटं सुजायची, त्याच बोटांनी हा उद्योग. खालचा ओठ दातांनी सोलून निघालेला. घरी आले की जेवता जेवता छत्रीच्या दांड्यावर बोटं फिरवत बसायचे. किती वेळा म्हटलं, अहो, सोडा आता. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा, दोन्ही एकदम. जाऊबाईंना वाटायचं, दीर ओव्हरटाइम करून थकतोय. त्या मुकाट्याने पाय शेकायला गरम पाणी आणून ठेवायच्या.

वर्ष उलटलं तेव्हा कुठे ते गाण्यासारखं वाटायला लागलं. मग एका सुट्टीच्या दुपारी ह्यांनी वाद्य घरी आणलं आणि खोलीत उभं राहून वाजवलं. जाऊबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. हात थांबला. मी दारातून बघत होते. त्यांनी पहिली ओळ उचलली, खरंच उचलली. पण दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला आणि त्या थांबल्या.

"हे रेकॉर्डवरच्या पट्टीत आहे रे," त्या म्हणाल्या. "मला ते चढतं. तुझ्या दादाने माझ्यासाठी खाली आणलं होतं."

बँडवाल्यांना हे सांगावं लागत नाही म्हणे, गाणाऱ्याचा गळा बघून गाणं वर-खाली करतात. आम्हा चादरीवाल्यांना काय ठाऊक. आणि खाली आणायचं म्हणजे चाल तीच, पण बोटं सगळी बदलली. हे पुन्हा कोठीत जाऊन बसले. रेकॉर्डचा आता उपयोग नव्हता. भावजींचं वाजवणं आठवून आठवून बसवलं. त्या महिन्यांत ह्यांचे गाल आत गेले. एकदा मशीनपुढे डुलकी लागली, हात थोडक्यात वाचला.

पुन्हा तशीच दुपार. ह्या वेळी जाऊबाई पहिलं कडवं सबंध म्हणाल्या. पण त्याच्या पुढे, गाण्याच्या मधे एक उंच जागा आहे, तिथे आवाज गेला तो आलाच नाही. त्या पलंगावर बसल्या. "बघितलंस? त्यांनी बसवलेल्याच पट्टीत होतं, तरी नाही जमलं. गेला माझा घसा. विक ते."

ह्यांनी गळ्यातला पट्टा काढला, वाद्य खाली ठेवलं आणि भिंतीला टेकून जमिनीवरच बसले. इतका दमलेला माणूस मी बघितला नव्हता. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण माझं टाळकं सटकलं.

"मग अजून खाली आणा की," मी म्हटलं. "भावजींनी एकदा आणलंच होतं ना तुमच्यासाठी, ताई? ते असते तर आता पुन्हा आणलं नसतं का? का तुमचं वय झालं म्हणून दुसरी गाणारी बघितली असती?"

जाऊबाई माझ्याकडे बघत राहिल्या. डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं. "नसती बघितली," म्हणाल्या.

"म्हणजे पुन्हा पहिल्यापासून?" हे जमिनीवरून म्हणाले.

"तू आधी उठ," जाऊबाई म्हणाल्या. "ह्या वेळी सूर मी देते. तू शोध."

त्यांनी डोळे मिटले आणि खूप खालून, जरा घोगऱ्या आवाजात एकच सूर धरला. ह्यांनी वाद्य गळ्यात घातलं, बोटं चाचपली, फुंकलं. चुकलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा तोच सूर धरला. पुन्हा चुकलं. जाऊबाई दम खाऊन परत धरत होत्या, हे परत शोधत होते. पाण्याच्या घोटाला मधे थांबल्या तेवढंच. मला तर वाटलं, संध्याकाळ होणार.

"मिळालं," जाऊबाई म्हणाल्या, आणि त्याच्यावरूनच पहिली ओळ सुरू केली. ह्यांना एवढ्या एका सुरापलीकडे त्या पट्टीतलं काहीच येत नव्हतं. हे तोच एक धरून उभे राहिले, आणि त्या एकट्या गात गेल्या, उंच जागेच्याही पुढे.