दिवसाउजेडी मालकंस

जळगावात शास्त्रीय संगीत दहावीच्या वाढीव गुणांवर जगतं आणि प्रेमराज पाटील सर त्या संगीतावर जगतात. अमळनेरकडच्या खेड्यातून येऊन त्यांनी दोन खोल्यांत क्लास काढला. अठ्ठावीस वर्षांत शेकडो पोरं परीक्षांना बसवली, पास केली, गुण मिळवून दिले. त्यातलं एकही नंतर गायलं नाही. निकाल लागला की पालक पेढे देत आणि पेटी विकायला गिऱ्हाईक आहे का, हेही तिथंच विचारून घेत.

सरांचं स्वतःचं दुःख निराळं होतं. गावातल्या कुठल्याही समारंभात ईशस्तवन त्यांचंच. पण ईशस्तवन म्हणजे पाहुणे येईपर्यंतची सोय. सर जरा कुठे आलापीला लागले की पाहुण्यांची गाडी दारात येई आणि निवेदक लांबून हात करी, "सर, आवरतं घ्या!" तीन मिनिटांच्या पुढे प्रेमराजसरांना आजवर कुणी गाऊ दिलेलं नव्हतं. हे त्यांना फार लागे. मग गाणं मिळत नाही तर निदान तत्त्व तरी असावं, म्हणून त्यांनी एक तत्त्व पाळलं होतं. राग त्याच्या वेळेलाच गायचा. दुपारी रेडिओवर यमन लागला की सर ताटावरून उठून रेडिओ बंद करत.

असल्या सोवळ्या माणसाकडे एके दिवशी श्रेयांस आला. उत्तमचंद भांडीवाल्यांचा हा मुलगा सरांचाच जुना विद्यार्थी. दहावीचे गुण घेऊन पसार झालेला. आता केस खांद्यापर्यंत, काळा शर्ट, हातात गिटार. त्याच्या जमातीच्या गाण्याला हेवी मेटल म्हणतात. सरांच्या मते ते पत्र्याच्या छपरावर पडणाऱ्या गारांसारखं होतं, फक्त गारा थांबतात.

श्रेयांसने 'तिसरा प्रहर' नावाचा अल्बम काढला होता. बंद तेलगिरणीतल्या भुताची आठ गाण्यांत सांगितलेली एकच गोष्ट. सात गाण्यांत गिटारी किंचाळतात आणि पोरं घसा फोडतात. आठव्यात मात्र भूत स्वतः प्रकट होऊन मालकंस गातं. सात गाणी तयार होती. आठवं प्रकाशनाच्या कार्यक्रमात, लोकांसमोर रेकॉर्ड करायचं होतं.

"सर, भूत तुम्ही. अकरा मिनिटं पूर्ण तुमची. मध्ये कुणी बोलणार नाही," श्रेयांस म्हणाला.

सरांनी 'भूत' हा शब्द ऐकलाच नाही. 'अकरा मिनिटं' तेवढं ऐकलं.

घोळ झाला तो वेळेचा. उत्तमचंदांच्या घरी चौविहार. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही. त्यांच्या आई राजकुंवरबाईंचा यात शब्दही इकडचा तिकडे होत नाही. त्यामुळे भयाण अल्बमचं प्रकाशन मे महिन्यात, दुपारी चार वाजता, मंगल कार्यालयात ठरलं. फलकावर मधोमध कवटी होती आणि कवटीच्या बरोबर वर 'आशीर्वाद' म्हणून राजकुंवरबाईंचा हसरा फोटो.

"सर, साडेसहाच्या आत भूत आटपा. पंगत सूर्य असताना उठली पाहिजे," उत्तमचंद म्हणाले.

सर ताठ झाले. "भाऊ, मालकंस रात्रीच्या तिसऱ्या प्रहराचा. दिवसाउजेडी मी गाणार नाही."

"पण सर," श्रेयांस म्हणाला, "परीक्षेला तुम्ही आमच्याकडून सकाळी अकराला मालकंस गाऊन घेतला होता."

"ते गाणं नव्हतं," सर म्हणाले, "ती परीक्षा होती."

दोन दिवस सर घरात येरझाऱ्या घालत होते. इकडे अठ्ठावीस वर्षांचं तत्त्व, तिकडे अकरा मिनिटं. शेवटी श्रेयांसनेच तोड काढली. कार्यालयाच्या सगळ्या खिडक्यांना काळे पडदे लावले आणि भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजवून ठेवला. सरांनी आत येऊन घड्याळ पाहिलं, मोबाईलवरची वेळ न बघता त्यातला तानपुरा लावून मोबाईल पालथा ठेवला आणि रात्र झाली असं मान्य केलं. तत्त्वाची सोय लागली की माणसाला किती हलकं वाटतं!

चारशे माणसं जमली. घाबरलं कुणीच नाही. पहिल्या गाण्याला नात्यातल्या बायकांनी कानात बोटं घातली, दुसऱ्याला पोरं वरातीतल्यासारखी नाचायला लागली, चौथ्याला राजकुंवरबाईंचा डोळा लागला. सातवं ऐन रंगात आलं आणि एवढे स्पीकर, दिवे, कूलर यांच्या ओझ्याखाली वीज गेली. गिटारी जागच्या जागी मेल्या. जनरेटर होता, पण तो फक्त स्वयंपाकघराला जोडलेला होता.

मिट्ट काळोख झाला. सरांना वाटलं, हीच वेळ. माईक नाही तर नाही. श्रेयांसने घाईने आपला मोबाईल त्यांच्यासमोर रेकॉर्डिंगला ठेवला. सरांनी सवयीप्रमाणे डोळे मिटले आणि खर्ज लावला.

खोटं कशाला बोला, सर त्या दिवशी सुरेख गायले. आवाज कुठे चिरकला नाही. मध्येच खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. सरांना वाटलं, लोक भिऊन एकमेकांच्या जवळ सरकताहेत. मग कुजबुज झाली, मग तीही थांबली आणि टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता पसरली. अशी शांतता सरांनी जन्मात ऐकली नव्हती. गाता गाता त्यांचे डोळे भरून आले. अकरा मिनिटं झाली आणि आवरतं घ्या म्हणायला कुणीही नव्हतं.

कुणीच नव्हतं. श्रेयांसने पडदा ओढला, उन्हाची तिरीप आत आली आणि चारशे रिकाम्या खुर्च्या दिसल्या. सूर्य कलला तशी सगळी मंडळी पंगतीला गेली होती. पहिल्या रांगेत फक्त सरांच्या बायको कमलबाई होत्या, मांडीवर भरलेलं ताट घेऊन.

"जेवी ल्या. पुरी थंडी व्हई ऱ्हायनी."

"मालकंस ऐकायला भुतं येतात म्हणे," सर कसेबसे म्हणाले.

"भुतं बी जेवाले गयात व्हतीन."

सर हसले. आपली बायको तरी अंधारात शेवटपर्यंत बसून होती, या एका गोष्टीवर त्यांनी सगळा अपमान गिळला आणि चार पुऱ्याही खाल्ल्या.

महिन्याभराने अल्बम इंटरनेटवर आला. सात गाण्यांना कुणी विचारलं नाही. आठव्याने मात्र धमाल उडवली. रिकाम्या होत जाणाऱ्या दालनात एक म्हातारा गातोय आणि ऐकणारे एकेक करून नाहीसे होताहेत, अंगावर काटा येतो, असं धुळ्यापासून कुठल्याकुठल्या परदेशापर्यंत लोकांनी लिहिलं. सरांचं नाव झालं. आता समारंभात पाहुणे आल्यावरही निवेदक हात करत नाही. उलट मोठ्या स्पीकरवर तेच रेकॉर्डिंग लावतात, पूर्ण अकरा मिनिटांचं.

पण ते पूर्ण वाजत नाही. कारण चौथ्या मिनिटाला एक खुर्ची अगदी जवळ सरकते, बांगड्या वाजतात आणि घरातलाच ओळखीचा आवाज शेजारणीला म्हणतो, "चाल व माय, यास्नं काई लवकर सरत नही."

तीन मिनिटं झाली की प्रेमराजसर स्वतःच उठतात आणि गाणं बंद करतात.