उणे बाराचं काय करू?

काल मुलगी गणित सोडवता सोडवता थांबली. "बाबा, रुंदी पाच येते आणि उणे बारासुद्धा. उणे बाराचं काय करू?" माझा चहा हातातच राहिला.

मी शाळेत होतो तेव्हाचं, दुष्काळाचं वर्ष होतं. नेवाशाच्या आमच्या शाळेच्या बोर्डिंगात फुकट जेवणाची एकच जागा उरली होती आणि मागणारे दोघं, मी आणि माझ्याच गावचा किसन. सरांनी दोघांना एकच गणित घातलं; ज्याचं बरोबर, त्याला जागा. आयताची लांबी रुंदीपेक्षा सात जास्त, कर्ण तेरा. रुंदी क्ष माना. खिडकीतून तापलेल्या धुळीचा वास येत होता. किसनचं आधी झालं. तो कुजबुजला, "आरं, उणे बारा बी आलंय. ठिवू का?"

मला ठाऊक होतं. "ठिव की, दोन्ही लिही," म्हणालो आणि माझ्या कागदावर फक्त पाच लिहिलं. तेव्हा वाटलं, पोटासाठी एवढं चालतं.

"उणे बाराची भिंत बांधतोस होय रे, गवंड्या?" सर किसनला म्हणाले. वर्ग हसला. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी तो आईबरोबर खडी फोडायला निघाला. फाटकाशी थांबून म्हणाला, "तुला बी ठाऊक न्हवतं, व्हय?" नव्हतं ठाऊक, अशा अर्थी मी मान हलवली. त्यानं आपली कंपासपेटी माझ्या हातात ठेवली. "मला आता काय करायची? तू शिक."

किसन पुन्हा शाळेत आला नाही. मला ठाऊक होतं, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

"टाकून दे, बाळ," मी मुलीला म्हणालो. "बाजू कधी उणे नसते."

तेव्हाही एवढंच तर सांगायचं होतं.