शेवटच्या बाकावरचं उत्तर

बाळांनो, निवृत्तीनंतरही मी अहमदपूरजवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला जाते. तिथं एकानं इंग्रजीतून विचारायचं, "तुझी आई काय काम करते?" आणि शेजारच्यानं उत्तर द्यायचं, असा पाठ चालला होता. मी तो बाकांच्या रांगेनंच घेत होते. शेवटच्या बाकावरची मुलगी मध्येच उठली.

"बाई, मला आजच विचारा की. आई ऊस तोडती, समदं पाठ केलंय."

"तुझा नंबर उद्या."

"उद्या मी न्हाई ना, बाई..."

"बस खाली."

दुसऱ्या दिवशी बाक रिकामा होता. ऊसतोडीच्या ट्रकमधून ती आईबापांसोबत कर्नाटकात गेली होती. ती परत आलीच नाही.

आता तास सुरू करताना मी आधी विचारते, "उद्या कोण येणार नाही?"