चुन्याची सरळ रेघ

आता काय सांगू तुम्हाला, लोक स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात; मी तर तो रेघ आखून, मापात पाडून घेतला!

मी युनूस, शिंपी. कोऱ्हाळ्यात रस्त्याला लागून दुकान, आणि वाहन म्हणाल तर सायकल. कारखाना सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या हेलकावे खात येतात आणि आपण सायकलवाले साईडपट्टीला. तिथं काय? खड्डे! कॅनॉलच्या पुलापासून माझ्या दुकानापर्यंत ओळीनं. त्यातल्या एकात मी गणवेशांच्या गठ्ठ्यासकट पालथा झालो. ट्रॉलीचं चाक कानाजवळून गेलं. खोटं नाही सांगत, झोपच उडाली माझी.

बारामतीला एका कचेरीत गेलो. "रस्ता आमच्याकडं न्हाय." दुसरीत गेलो. "रस्ता आमचाय, साईडपट्टी त्यांची." मग सायकलवाल्यानं मरायचं कुणाच्या हद्दीत?

डोकं फिरलं. पहाटेच उठलो, दुकानातल्या लाल चिंध्या काठ्यांना बांधल्या आणि खड्ड्याखड्ड्याशी झेंडी रोवली. वर चुन्याची रेघ मारली, लांबून दिसावी म्हणून. शिंप्याचा हात, वाकडी कशी जाईल? मग दोरे-बटणं आणायला बारामतीला गेलो.

दुपारी परतलो तर पुलाजवळचे चहावाले तात्या हॉटेलचं छप्पर उतरवत होते.

"तात्या, हे काय?"

"युनूसभाई, मोजणी झाली की! रस्ता रुंद व्हतोय. आज रेघ, उद्या जेसीबी. हातानं काढलं तर पत्रं तरी वाचतील."

"पण मोजणीच झाली कशावरनं?"

"लाल झेंड्या हायत, चुना हाय. आन् रेघ बघा की किती सरळ! सरकारी मानसाबिगर कुणाला जमंल?"

जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्या हाताचं कौतुक केलं आणि मला घाम फुटला. सांगावं का? तात्यांच्या हातात पहार होती. आणि एकदम आठवलं, अरे, आपलं दुकान! सायकल हाणली.

ओटा नव्हता! नुसता विटांचा ढीग. शेजारी मेव्हणा घाम पुसत बसलेला आणि बायको, हमीदा, पदर खोचून उभी.

"तुमचा फोन लागंना. म्या भावाला बोलावून ओटा फोडून घेतला. ओट्यावरची मशीन वाचली बगा!"

तेवढ्यात कचेरीची जीप आली. खड्ड्यासाठी कधी कुणी फिरकलं नव्हतं, झेंडीसाठी साहेब हजर!

"विनापरवाना निशाण्या कुणी लावल्या?"

गर्दी जमली. तात्याही मागून येऊन उभे राहिलेले, पहारीसकट. साहेबांनी एक झेंडी उपटली. हमीदानं चिंधी चाचपली आणि भर गर्दीत ओरडली, "अवं, ह्ये तर माझ्या ब्लाउजचं कापड!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मी बटणं मोजायला लागलो.

साहेबांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग ढिगाकडं, आणि खो खो हसले. "केस करत नाही. पण ओटा अतिक्रमणात होता, पुन्हा बांधायचा नाही. आणि हा राडारोडा उचला."

"टाकू कुठं साहेब?"

"खड्डे आहेत की समोर!"

आधी तात्यांचं छप्पर चढवून दिलं, शिव्या खात. मग पाटीपाटीनं ओटा नेऊन खड्डे बुजवले.

परवा इंदापूरकडचा एक सायकलवाला दुकानासमोर थांबला. "भाई, साईडपट्टी लय झ्याक झालीया. कुणाच्या हद्दीत येती?"

"माझ्या," म्हटलं. "तुमी ज्यावर हुबं हाय, त्यो माझाच ओटा हाय!"