पाहणीसाठी झाडलेली गल्ली

मला वाचायला शिकवलं कुमुदबाईंनी, खाप्याच्या शाळेत. त्याच वाचनाची परीक्षा एका साहेबानं नागपुरात, भर गल्लीत घेतली.

"अर्ज कोणी लिहिला?"

"मी, साहेब."

"तू? कुणाकडून लिहून घेतला?"

"मीच लिहिला."

"मग वाचून दाखव. इथंच. मोठ्यानं."

मी वाचला. बी.कॉम. झालेला, दोन पोरांचा बाप, कागद दोन्ही हातांत धरून. शेजारी आपापल्या दारात उभे. साहेब आम्हीच ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, त्यांचा बूट रांगोळीवर. 'मोठ्या व्यासाची' या शब्दांवर त्यांनी मला थांबवलं. "व्यास म्हणजे काय, माहीत आहे का?" त्यांच्यासोबतचा बाबू हसला. मी व्यास म्हणजे काय ते सांगितलं. खरंच सांगितलं. त्याची लाज अजून गेली नाही.

अर्ज गडरलाइनचा, म्हणजे सांडपाण्याच्या पाइपचा होता. बाजारामागची आमची वस्ती. आधी कौलारू घरं होती, एका घरात एक चूल. आता त्याच जागेवर तीन-तीन मजले. कोराडीकडून, उमरेडकडून, पार मध्यप्रदेशातून कामाला आलेली माणसं वरच्या खोल्यांत राहतात. जमिनीखालची गडरलाइन मात्र कौलांच्या काळातली. वरचे आंघोळी करतात आणि ते पाणी खालच्या घरांच्या मोऱ्यांतून उलटं वर येतं. सगळ्यात आधी शेवंतामावशीकडे, कारण तिचं घर सगळ्यात खोलगट. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला यायची होती. "बाळंतिणीची खाट त्या घाणीत टाकू का गा, पोरा?" असं तिनं विचारलं, म्हणून मी नव्या लाइनसाठी सरकारी निधी मागायला निघालो. किती खेटे घातले. शेवटी निरोप आला, साहेब पाहणीला येतील.

इथं चूक झाली. ती चूक मी शाळेतून आणली होती. तपासणीचे साहेब येणार असले की बाई आमच्याकडून वर्ग झाडून घ्यायच्या. फुटक्या फरशीवर सतरंजी टाकायच्या. साहेब खूश झाले की शाळेचं भलं होतं, असं सांगायच्या. मी ते मनापासून मानलं होतं. म्हणून आम्ही गल्ली धुतली. नालीतला गाळ उपसला, चुना टाकला. मावशीनं सडा घातला, रांगोळी काढली. साहेबांना वास येऊ नये म्हणून वरच्या मजल्यांना सांगितलं, पाहणी होईस्तोवर पाणी सोडू नका. मावशीच्या मोरीत पोतं कोंबलं आणि वर लादीचा तुकडा बसवला. सगळ्यांनी ऐकलं. पाहुणा येणार असला की घरची अडचण झाकायची, हीच आमची रीत.

साहेबांनी मोरीत डोकावलं. कोरडी.

"उत्तम आहे की. माझ्या कॉलनीत एवढी सफाई नाही. निधी कशाला पाहिजे?" मग माझ्याकडे वळले. "गाव कोणतं तुझं?"

"खापा."

"तिकडं जागा कमी पडली का? तुम्ही येत राहणार, मजले चढवत राहणार, आणि सरकारनं तुमच्यामागं पाइप घेऊन धावायचं. मागायची सवयच लागली आहे तुम्हाला."

बाबूनं पाहणीचा कागद पुढं केला. 'गैरसोय आढळली नाही.' खाली अर्जदाराची सही हवी होती. मी पेन हातात घेतलं. साहेबानं पुढं केलेला कागद परत करायचा नसतो, एवढंच माहीत होतं.

मावशी जवळ आली. "काहून सही करून राहिला गा? मंग लेकीले सांगून देऊ का, येऊ नको म्हून?"

मी पेन बाबूच्या हातात परत दिलं. आत गेलो. लादी उचलली, पोतं ओढून काढलं. बाहेर येऊन वरच्या खिडक्यांकडे पाहिलं. तोंडातून खाप्याचीच बोली निघाली.

"सोडा गा पाणी. सगळेच्या सगळे सोडा."

सकाळपासून अडवून ठेवलेल्या आंघोळी, धुणी, खरकटी, सगळं एकदम सुटलं. आधी मोरीत गुडगुड. मग काळं पाणी उंबऱ्यावरून रांगोळीत आलं, रांगोळीतून साहेबांच्या बुटात. त्यांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले.

"हे मुद्दाम केलं तुम्ही."

"मुद्दाम ते आधीचं केलं होतं, साहेब. हे रोजचं आहे."

तिसऱ्या मजल्यावरून कोणी तरी म्हणालं, "साहेब, आता व्यास मोजून घ्या ना."

निधी आला नाही. पाहणीत अडथळा आणला, असा शेरा आला. मावशीची लेक उमरेडला सासरीच बाळंत झाली. मावशीनं नातू फोनवर पाहिला.

शेरा हातात पडला त्या दिवशी मी बाईंना पत्र लिहिलं.

'आदरणीय बाई, सा. नमस्कार.

तुम्ही नसता तर मला अर्ज लिहिता आला नसता. हे उपकार फिटायचे नाहीत. पण तुमची एक गोष्ट मी यापुढं ऐकणार नाही. आपण फुटक्या फरशीवर सतरंजी टाकायचो. साहेब शाळा उत्तम म्हणून जायचे. मी शाळा सोडली तेव्हाही ती फरशी फुटकीच होती. हे मला इतक्या वर्षांनी दिसलं.

नवा अर्ज दिला आहे. या वेळी सगळ्या गल्लीनं सह्या केल्या आहेत. साहेब येतील त्या दिवशी कोणी झाडणार नाही. नळ चालू राहतील. खुर्ची ठेवणार नाही. त्यांनी मला अर्ज वाचायला सांगितला तर मी वाचणार नाही. तो त्यांनी वाचायचा आहे. वाचून होईपर्यंत त्यांना त्या पाण्यात उभं राहावं लागेल.

तुमचा विद्यार्थी'