सारंग बेननचा तळहात

ग्लॅनमोर जहाजावर मी अकरा वर्षं स्वयंपाक केला. त्या अकरा वर्षांत माझ्या हाताला कुणी बरं म्हटलं असेल तर ते एकट्या गेथिन बेननने. बाकीचे पोटभर खायचे आणि वर शिव्या द्यायचे. बेनन पावाने ताट पुसून घ्यायचा आणि म्हणायचा, "एम्रिस, रश्श्यात मटण शोधावं लागलं खरं, पण सापडलं." तेव्हा त्याच्याविषयी मी जे लिहितोय त्यात थोडा पक्षपात असणार, हे आधीच धरून चाला.

आमचं जहाज कोळशाचं. वेल्समधल्या बॅरीच्या गोदीत भरायचं आणि आरमार सांगेल तिथे जाऊन उभं राहायचं. लढाऊ जहाजांवर तोफा, पितळी बटणं, बँड, सगळा थाट. पण आम्ही कोळसा घेऊन पोचलो नाही तर तो थाट जागचा हलत नसे. हे त्यांच्या अधिकाऱ्यांनी मात्र कधी तोंडाने कबूल केलं नाही. आमच्या डेकवर पाय ठेवताना ते नाकाला रुमाल लावायचे.

बेनन जहाजाचा सारंग, म्हणजे सगळ्या खलाशांचा मुकादम. साठी उलटलेला, आखूड मानेचा. लग्न केलं नाही. बॅरीत त्याची थोरली बहीण मार्गेड राहायची. तिला संधिवात, आणि तिचं सगळं याच्यावर. समुद्रावर येण्याआधी वीस वर्षं त्याने गोदीत जहाजांच्या पोटात काढली होती. वरून घसरगुंडीने कोळसा कोठीत पडतो, तो फावड्याने चारी बाजूंना सारखा करायचा, हे त्याचं काम. अशा माणसाला कोळसा कळतो. मोठे तुकडे गडगडत कडेला जातात, चुरा मधे साचतो, आणि चुरा बरेच दिवस दाबून पडला की आतल्या आत तापायला लागतो. धूर दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला म्हणून समजा.

म्हणून प्रत्येक कोठीत डेकपासून तळापर्यंत एक लोखंडी नळी सोडलेली असे आणि तिच्यात एक लांब गज. रोज सकाळी आठ वाजता बेनन चारही कोठ्यांचे गज एकेक करून ओढायचा, खालच्या टोकावर तळहात ठेवायचा आणि म्हणायचा, "थंड." कप्तान रॉसर वहीत "थंड" लिहायचे आणि न्याहारीला बसायचे. उष्णता मोजायची काचेची नळी जहाजावर होती, नाही असं नाही. कप्तानांनी ती मोज्यांच्या खणात ठेवली होती. "काच खोटं बोलेल, बेनन बोलायचा नाही," असं ते म्हणत. आरमारातही त्याचं नाव होतं. कोळसा घ्यायला आलेला अधिकारी आधी विचारायचा, "बेननचा हात काय म्हणतो?"

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आम्हाला आयर्लंडमधल्या बेरहेवनच्या खाडीत थांबायला सांगितलं. आरमाराचा सराव चालू होता. चार दिवसांत येतो म्हणाले आणि जवळजवळ तीन आठवडे आलेच नाहीत. पोटात तीन हजार टन कोळसा घेऊन आम्ही नांगरावर. माणसं मासे पकडत होती, कपडे शिवत होती, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत होती. बेननला सर्दी झाली होती. नाक इतकं चोंदलेलं, की मी कांदा भाजून दिला तरी त्याला वास येईना.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी मी त्याचा चहा घेऊन डेकवर गेलो. त्याने तीन नंबरच्या कोठीचा गज ओढला, तळहात ठेवला, नेहमीसारखा क्षणभर थांबला.

"थंड," तो म्हणाला.

कप्तानांनी लिहिलं आणि ते आत गेले. बेननने चहा घ्यायला गज माझ्याकडे दिला. मी तो धरला आणि किंचाळून खाली टाकला. बोटांवर फोड उठले.

"काय रे?" बेनन म्हणाला.

"काय रे काय? भाजलो! अहो, चुलीतल्या सळईसारखा तापलाय!"

तो हसला नाही, रागावला नाही. खाली वाकून त्याने गज पुन्हा उचलला, त्याच टोकाला धरला आणि तसाच उभा राहिला. त्याच्या तळहाताची कातडी चरचरली असेल, पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मला त्या वेळी भीती वाटली, ती कोळशाची नव्हे.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"दोन वर्षं." त्याने गज खाली ठेवला. "आधी बोटं गेली, मग तळवा. वासावर चालवत होतो. कोळसा तापायला लागला की नळीतून घामट रॉकेलसारखा वास येतो. आठ दिवस झाले, नाकही गेलं."

"मग बोलायचं नाही का?"

"बोलून काय करू? सारंगाचा हात गेला की सारंग किनाऱ्यावर. मार्गेडला घेऊन सरकारी गरीबखान्यात जाऊ? तिथे भावाला एका दालनात टाकतात, बहिणीला दुसऱ्या. तिला वेणी घालायला मी लागतो, एम्रिस. तिचे हात वर होत नाहीत."

मी फडक्याने धरून गज परत नळीत सोडला.

पण तो तिथे रडत बसला नाही, हेही लिहून ठेवतो. उठला, कप्तानांच्या दारावर थाप मारली आणि म्हणाला, "साहेब, तीन नंबर तापलाय. मघाशी मी चुकलो. झाकण उघडायला हवं." कसं कळलं ते सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. माझ्या बोटांना मी चरबी लावून फडकं गुंडाळलं, आणि कुणी विचारलं तर चुलीवर भाजलं म्हणालो. स्वयंपाक्याचं भाजलेलं बोट कोण तपासतो?

झाकण उघडलं, माणसं फावडी घेऊन उतरली. कुठे खणायचं ते बेननने दाखवलं, कारण चुरा कुठे साचतो हे त्याला डोळे मिटूनही माहीत. दुपारपर्यंत बारा फूट खाली तापलेला ढीग लागला. अजून पेटला नव्हता. तो पसरून, बादल्या भरभरून वर काढून डेकवर गार होऊ दिला. संध्याकाळी सगळे कोळशासारखे काळे होऊन बसले, आणि जो तो एकच म्हणत होता, "बाप रे, बेननचा हात!" ज्याने त्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. कप्तानांनी स्वतःची रमची बाटली उघडली. बेननने पेला घेतला, पण प्यायला नाही.

मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प राहा. सर्दी गेली की नाक येईल परत."

"येईल," तो म्हणाला. "पुढची सर्दी येईपर्यंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आरमार आलं. एक अजस्र लढाऊ जहाज आमच्या कडेला येऊन लागलं आणि एक तरुण अधिकारी उतरला. या खेपेला त्याने नाकाला रुमालही लावला नाही. आदल्या दिवशीची हकीकत कप्तानांनी त्याला रंगवून सांगितली, आणि त्याने बेननसमोर चक्क टोपी काढली.

"तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आम्ही निर्धास्त असतो," तो म्हणाला. "कप्तान, तुमची पुढची फेरी माल्टाची. दहा दिवसांचा प्रवास, तिथे महिनाभर उन्हात मुक्काम. पण हा हात असताना मला काळजी नाही. तर सारंग, आज काय म्हणतो हात?"

सगळे खलाशी हसत उभे होते. बेननने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली: नको, नको. एक शब्द बोलायचा होता त्याला, 'थंड', आणि तो खराही होता.

"हाताला विचारू नका, साहेब," बेनन म्हणाला. "काचेच्या नळीला विचारा. माझ्या हाताला दोन वर्षं काही कळत नाही. काल गज तापलेला सापडला तो आमच्या आचाऱ्याला. मी आधी थंडच म्हणालो होतो."

कप्तान रॉसरांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. ते कोठीच्या काठावर बसले.

"दोन वर्षं," ते म्हणाले. "म्हणजे सतरा फेऱ्या. चोवीस माणसं, बेनन. तुझ्या शब्दावर आम्ही झोपत होतो!"

"माहीत आहे, साहेब," तो म्हणाला. "म्हणून मी झोपत नव्हतो. रोज तुम्ही सगळे झोपलात की चारही नळ्यांना नाक लावून बसायचो. सकाळपर्यंत. सतरा फेऱ्या."

मला वाटलं, आता कप्तानांच्या तोंडाचा पट्टा सुटणार. पण ते उठले, केबिनमध्ये गेले, मोज्यांच्या खणातून ती काचेची नळी काढून आणली आणि दोरीला बांधून स्वतः कोठीत सोडली.

"बॅरीला तुला उतरावं लागेल," ते नळीकडे बघतच म्हणाले. "त्याला इलाज नाही. मालकांना मी पत्र लिहीन, गोदीत पहाऱ्याचं काही असलं तर. देतील की नाही, सांगता येत नाही."

"होय, साहेब."

"आता जा. झोप."

मग कोळसा उतरवायला सुरुवात झाली. ज्याने हे कधी ऐकलं नाही त्याला काय सांगू! त्यांचे चारशे खलाशी, आठ वाफेच्या कप्प्या, पोत्यांचे धपाधप आवाज, तासाला किती टन याची शर्यत, आणि वर काम जोरात व्हावं म्हणून लढाऊ जहाजाचा बँड. शेजारी उभं राहून ओरडलं तरी ऐकू येत नव्हतं. दोनदा मी बेननच्या खोलीत डोकावलो, श्वास चालू आहे ना ते बघायला. पायात बूट तसेच, तोंड उघडं, नाक वाजतंय. दुपारी सगळं शांत झालं, आरमार निघून गेलं, मी जेवण दाराशी ठेवलं आणि ते गार झालं. बेनन झोपला होता.